आधी निवड, मग आवड

पाखडणे, घोळणे, चाळणे आणि निवडणे ही चार क्रियापदे ज्या भाषेने एकमेकांपासून इतकी काटेकोरपणे वेगळी ठेवली, त्या भाषेतल्या बायकांना 'निवड' म्हणजे काय हे शास्त्रज्ञांनी येऊन समजावून सांगण्याची वस्तुतः काही गरज नव्हती. मंगळवेढ्याकडची आमची एक मावशी दुपारची जेवणे उरकल्यावर ओसरीवर सूप घेऊन बसे, तेव्हा पाखडण्यात जे हलके ते उडून जाई, घोळण्यात जे जड ते मागे राही, चाळणीत केवळ आकाराचा विचार होई, आणि हे सगळे संस्कार होऊन गेल्यावर उरलेल्या ज्वारीवरून तिचे तर्जनीचे टोक असे काही फिरे, की खडा किंवा किडका दाणा तिच्या नजरेस पडण्याआधीच बोटाखाली सापडला आहे असे बघणाऱ्याला वाटावे. या चारही क्रियांत एक गोष्ट समान होती: ज्वारीचा एकही नवा दाणा त्यांतून निर्माण होत नव्हता.

निवडीतून काहीच नवे निर्माण होत नाही हे जितके खरे, तितकेच तिच्यातून अगदी नवे असे काही निघते हेही खरे आहे, आणि त्याचा दाखला शोधण्यासाठी सोलापूर जिल्ह्याची सरहद्द ओलांडावी लागत नाही. शेतकऱ्यांच्या घरच्या मालदांडी ज्वारीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० नंतरच्या दशकात निवडून काढलेले वाण 'मालदांडी ३५-१' या नावाने रब्बीच्या पट्ट्यात पसरले, आणि पुढे संकरित बियाण्यांची एवढी वावटळ येऊन गेली तरी भाकरीची चव व कडब्याची प्रत या दोन गोष्टींच्या बळावर ते आजतागायत पाय रोवून उभे आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे श्रेय तर मळणीपूर्वी उभ्या पिकातून भरदार कणसे हेरून ती बियाण्यासाठी बाजूला ठेवणाऱ्या कित्येक पिढ्यांना द्यावे लागेल. एका हंगामातली निवड ही केवळ साफसफाई असते. शंभर हंगामांतली निवड ही निर्मिती होते.

डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाचा प्रारंभ अरण्याच्या वर्णनाने केला नाही. कबुतरे पाळणारे शौकीन आणि गुरांची पैदास करणारे शेतकरी यांच्यापासून केला, यातले मर्म हेच होय. निसर्ग हा असा एक मामलेदार आहे की जो स्वतः एकही अर्ज लिहीत नाही, कोणता अर्ज कशासाठी आला याची चौकशी करीत नाही, कोणाची कैफियत ऐकून घेत नाही, आणि समोर येईल त्या कागदावर मंजूर वा नामंजूर एवढाच शेरा मारून मोकळा होतो. मात्र मंजूर झालेल्या कागदाच्या नकला काढणारे त्याच्या कचेरीतले कारकून थोडे धांदरट असल्यामुळे प्रत्येक नकलेत काही ना काही चूक राहून जाते, आणि त्या चुकांसहित ती नक्कल पुन्हा त्याच्याच मेजावर येऊन पडते. एवढ्या अजब कारभारातून गरुडाचा डोळा आणि माणसाचा मेंदू सिद्ध झाला, हे मानायला मन सहजासहजी तयार होत नाही, आणि त्या न तयार होणाऱ्या मनालाही याच कारभाराने घडवले आहे.

आपण मराठीत 'आवडनिवड' असा जोडशब्द वापरतो आणि त्यात आवड आधी येते. मनाला काही आवडते आणि म्हणून आपण ते निवडतो, असा त्या शब्दाचा अभिप्राय असावा. हा क्रम उलटा आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आणि असे वाटायला लावण्याचे काम प्रथम एका बैलाने केले.

माणदेशातून सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा असा जो कमी पावसाचा मुलूख पसरला आहे, तो खिलार जनावराचे माहेरघर. आटपाडी महाल जुन्या औंध संस्थानात मोडत असे, आणि त्या महालाचे नाव या जातीच्या एका शाखेला अद्याप चिकटून आहे. खिलाराचा पांढरा वा करडा रंग, मागे वळत जाऊन टोकाशी पुढे येणारी कमानदार शिंगे, ताठ वशिंड आणि झपाट्याची चाल यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु त्याची खरी ओळख त्याच्या स्वभावात आहे. हे जनावर दुधाला बेताचे, उन्हाला आणि तहानेला चिवट, धन्याला ओळखणारे आणि परक्याला जवळ फिरकू न देणारे. आमच्याकडे त्याला 'पाणीदार' म्हणतात, आणि अंगावर माशी बसली तरी न हलणाऱ्या शांत बैलाला 'गरीब' म्हणतात, ज्या शब्दात कौतुकाइतकीच कणवही असते.

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला हे पाणी कसे जोखतात ते ठाऊक असेल. गिऱ्हाईक आधी दात पाहते, कारण दुधाच्या दातांचा आदत, दोन पक्क्या दातांचा दुसा, चार दातांचा चौसा यांवर सगळा भाव अवलंबून. मग ते पाठीवर अलगद हात ठेवते आणि कातडी कशी थरथरते ते बघते. खांद्यावरचा टॉवेल सहज झटकल्यासारखे करून जनावर बुजते की नुसते कान टवकारते ते पाहते. शेपटीच्या मुळाशी बोट लावते. आणि शेवटी कपाळावरचा भोवरा निरखते. दरम्यान हेडी आणि धनी यांची बोटे रुमालाखाली एकमेकांशी बोलत असतात. भोवऱ्यांच्या शुभाशुभाचे जे शास्त्र आपल्याकडे रूढ आहे, त्यातला बराचसा भाग निव्वळ कल्पित म्हणून सोडून द्यावा लागेल. परंतु कपाळावरच्या भोवऱ्याची गोष्ट मात्र मला सोडवत नाही. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन पशुतज्ज्ञ बाईंनी १९९५ साली असे दाखवून दिले, की ज्या गुरांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असतो ती खोड्यात अडकवली असता, भोवरा खाली असलेल्या गुरांपेक्षा अधिक बिथरतात. गर्भात त्वचा आणि मेंदू ही दोन्ही एकाच बाह्यस्तरापासून बनतात, हे लक्षात घेतले म्हणजे कपाळावरचे केस आतल्या मेंदूची काही चहाडी करीत असतील, हे असंभाव्य वाटत नाही.

बाजारात मात्र निवड होत नाही, केवळ विक्री होते. खरी निवड गोठ्याच्या दारात होते, आणि तीही जन्मातून एकदाच: खोंड बडवायचा की वळू म्हणून राखायचा. बडवलेला बैल कितीही गुणी असला तरी त्याचे गुण त्याच्याबरोबर संपतात. राखलेल्या एका वळूचे गुणावगुण मात्र पंचक्रोशीतल्या गोठ्यांत पसरतात. सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर मी ज्या आबांकडे अधूनमधून जातो, त्यांच्या दावणीला मागच्या हिवाळ्यात असाच एक खोंड उभा होता. मी चार हातांवर असतानाच त्याच्या खांद्यावरची कातडी सरसरली, मान खाली गेली आणि नाकातून फुस्कारा निघाला. आणि त्याच क्षणी आबांचा आठ वर्षांचा नातू त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये पाठ टेकून निवांत बसला होता.

"मास्तर, तितंच थांबा," आबा म्हणाले, "परक्याचा वास आला की त्याचं डोकं फिरतंय."

हा 'डोकं फिरण्याचा' गुण आबांच्या आजा-पणजांनी निवडून ठेवलेला आहे. मोटेला आणि गाडीला जुंपायचा बैल चपळ हवा, आणि चपळाई व तापटपणा ही एकाच खोडाची दोन फळे असल्यामुळे एक राखताना दुसरेही राखले गेले. याची उलट बाजू सैबेरियात पाहायला मिळते. द्मित्री बेल्यायेव या रशियन जनुकशास्त्रज्ञाने १९५९ साली नोव्होसिबिर्स्क येथे रुपेरी कोल्ह्यांची पैदास आरंभली आणि पिंजऱ्यात हात घातला असता जी पिल्ले कमीत कमी भितात वा चावतात तेवढीच पुढच्या पिढीसाठी राखायची, दुसरे काहीही पाहायचे नाही, असा शिरस्ता घालून दिला. त्यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी पुढे चाळीस वर्षांचा जो वृत्तान्त दिला, त्याप्रमाणे दहाव्या पिढीत शंभरांतली अठरा आणि विसाव्या पिढीत पस्तीस पिल्ले अशी निघाली, की जी माणूस दिसताच कुत्र्यासारखी शेपटी हालवीत, कुईकुई करीत आणि हात चाटीत. बरोबर पडके कान, बांडा रंग आणि गोंडेदार वळलेली शेपटीही आली, जी कोणी मागितली नव्हती. निवड एका गुणाची करावी आणि चार गुण पदरात पडावेत, हे लग्नाच्या बाजारात जसे घडते तसेच गोठ्यातही घडते.

मेंदूवर याचा परिणाम मोजताही येतो. पाळीव गाईबैलांच्या कवट्या त्यांच्या नामशेष झालेल्या रानटी पूर्वजांच्या कवट्यांशी ताडून पाहता पाळीव जनावरांचा मेंदू शरीराच्या मानाने सुमारे पाव हिश्श्याने लहान झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आणि त्यातही ज्यांचा माणसाशी दिवसरात्र संबंध येतो अशा दुभत्या जातींचा मेंदू सर्वांत लहान, तर स्पेनकडच्या झुंजीसाठी मोकळ्या रानात वाढवलेल्या बैलांचा मेंदू रानटी पूर्वजांच्या सर्वांत जवळ, असा क्रम लागला. सावध राहण्याचे काम दुसऱ्याने पत्करले की सावधपणाची यंत्रणा पोसण्याचे कारण उरत नाही. आपली वशिंडाची गुरे सिंधूच्या खोऱ्यात स्वतंत्रपणे माणसाळली असल्यामुळे युरोपातले माप त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाही. तरी आबांचा खोंड फुस्कारतो तेव्हा मला त्यात न झिजलेल्या मेंदूचा आवाज ऐकू येतो.

निवडीची एक मर्यादाही सोलापूरनेच मला दाखवली. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर नान्नज आहे. तेथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. उघड्या माळावर चालत टोळ, सरडे आणि बोरे टिपणारा हा मोठा पक्षी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालतो आणि तेही भुईवर. त्याच्या वर्गातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मागचे-बाजूचे पुष्कळ दिसते, समोरचा पट्टा मात्र अरुंद. आणि आफ्रिकेतल्या त्याच्या एका भाऊबंदावर ग्रॅहम मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्याने २०१० साली केलेल्या मोजणीत असे निघाले, की उडताना त्या पक्ष्याने मान केवळ २५ अंश खाली झुकवली तरी त्याला समोरचे काहीच दिसत नाही. लाखो वर्षे आकाशात समोर आडवे येईल असे काही नव्हतेच. खाली भक्ष्य, सोबती आणि उतरण्याची जागा शोधणे महत्त्वाचे होते. मग विजेच्या तारा आल्या. निवडीच्या कचेरीत निवाडे होतात ते सगळे मागच्या दाखल्यांवरून. उद्याचा अर्ज तिथे आज दाखल करून घेत नाहीत. नान्नजच्या माळावर आता माळढोक दिसला तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते.

पिढ्यांची ही निवड इतकी संथ की एका आयुष्यात ती दिसतच नाही. पण तीच क्रिया पुष्कळ वेगाने, प्रत्येक घरात, पाळण्यात निजलेल्या मुलाच्या डोक्यात चालू असते, हे मला कळायला माझीच एक फजिती कारणीभूत झाली.

सोलापूर हे मराठी गाव आहे, कानडी गाव आहे आणि तेलुगू गावही आहे. शिवाय दख्खनी उर्दू आहेच. दक्षिणेला अक्कलकोटकडे जावे तसतशी कानडी दाट होत जाते, आणि पूर्व भागात मागांच्या खटखटाटात पद्मशाली घरांतून तेलुगू ऐकू येते. मी मराठी घरात वाढलो आणि कानडी पुढे विशीत शिकलो. एका पावसाळ्यात अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावी मी कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मोठ्या ऐटीत कानडीत विचारले, की यंदा तळे भरले का? कट्टा खदखदून हसला. कानडीत तळ्याला 'केरे' म्हणतात, त्यातला पहिला 'के' ऱ्हस्व. तोच दीर्घ केला की 'केरे' म्हणजे धामण. यंदा धामण भरली का, असे मी विचारले होते. त्यांच्यातल्या एका सज्जनाने मला दोन्ही शब्द पाच-सहा वेळा म्हणून दाखवले. प्रत्येक वेळी त्याला स्वच्छ दोन शब्द ऐकू येत होते आणि मला एकच. शेजारी बसलेला चार वर्षांचा पोर मात्र दोन्ही शब्द बिनचूक म्हणत माझी टर उडवीत होता. मराठीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ हे अर्थ बदलीत नाहीत, म्हणून माझ्या कानाने ते केव्हाच फाजील ठरवून बरखास्त केले होते.

पण केव्हा? या प्रश्नाचे उत्तर गमतीचे म्हणजे आपल्याच 'ट' आणि 'त' यांनी दिले आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले हे दोन वर्ण ऐकवले. मूल आईच्या मांडीवर बसलेले. ध्वनिक्षेपकातून एकच वर्ण पुनःपुन्हा येतो. तो बदलला की बाजूच्या पेटीत दिवा लागून एक खेळण्यातला प्राणी नाचतो. वर्ण बदलल्याचे ज्याला कळते ते मूल प्राणी दिसायच्या आधीच मान वळवते. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांनी 'ट' आणि 'त' मधला फरक बिनदिक्कत ओळखला, जो त्यांच्या आईबापांना काही केल्या कळत नव्हता. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी मात्र फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी घरांतल्या मुलांची ती शक्ती जशीच्या तशी होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ असा, की माणसाचे मूल जगातल्या बहुतेक भाषांचे कान घेऊन जन्माला येते आणि वर्षाच्या आत घरात न लागणारे कान मोडीत काढते. चार आणि चारा यांतले दोन निराळे 'च' मराठी मूल राखते. हिंदी मूल ते एक करून टाकते. पूर्व भागातल्या ज्या घरात आजी तेलुगू, शेजार कानडी आणि शाळा मराठी, तिथल्या मुलाच्या सुपात तिन्ही भाषांचे दाणे राहतात. सोलापूरचा कान म्हणतात तो असा तयार होतो.

मोडीत काढणे हा शब्द मी केवळ अलंकार म्हणून वापरीत नाही. शिकागोच्या पीटर हुटेनलोखर यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूचे सूक्ष्म तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन मज्जापेशींमधले सांधे मोजण्याचे अत्यंत कंटाळवाणे काम आरंभले, तेव्हा १९७९ साली एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली: एक-दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत हे सांधे प्रौढापेक्षा दाट असतात. मूल शिकते तसतसे सांधे वाढत जावेत, अशी आपली भाबडी अपेक्षा. प्रत्यक्षात आधी भरमसाट सांधे जुळतात आणि मग त्यांची छाटणी होते. १९९७ साली त्यांनी आणि दाभोळकर या आडनावाच्या, म्हणजे मराठी वाचकाला परक्या न वाटणाऱ्या, सहकाऱ्याने मिळून असे दाखवले, की ऐकण्याच्या केंद्रात सांध्यांची दाटी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कळसाला पोहोचते, तर कपाळामागच्या, विवेकाचे काम करणाऱ्या भागात ती पंधराव्या महिन्यानंतर कळसाला जाते आणि तिथली छाटणी ऐन पौगंडावस्थेपर्यंत चालते. सोळा वर्षांच्या मुलाकडून ज्यांना पोक्त शहाणपणाची अपेक्षा असते, त्यांनी ही शेवटची गोष्ट लिहून ठेवावी.

छाटणीत कोणता सांधा राहतो? ज्याचा वापर होतो तो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पण यात नुसता वापर नाही, चढाओढही आहे. ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिल्लाची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. उघडल्यावर तो डोळा निर्दोष असूनही मेंदू त्याचे ऐकेना, कारण त्याच्या वाट्याची जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर काही बिघडत नसे. या कामाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याचा व्यवहारातला उपयोग आपल्या नेत्रवैद्याकडे दिसतो: तिरळ्या वा आळशी डोळ्याच्या मुलाचा चांगला डोळा लहानपणीच झाकून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला आपली जागा परत मागायला अवसर मिळतो. पुष्कळ आया या चांगल्या डोळ्यावरच्या पट्टीला घाबरतात, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

जेराल्ड एडेलमन यांनी तर संपूर्ण मेंदूकडेच या दृष्टीने पाहिले. त्यांना १९७२ सालचे नोबेल मिळाले होते ते रक्तातल्या प्रतिपिंडांच्या रचनेसाठी. शरीर रोगजंतू पाहून त्याच्या मापाची किल्ली घडवत बसत नाही. ते अगोदरच तऱ्हेतऱ्हेच्या किल्ल्यांचा भला मोठा जुडगा बाळगून असते आणि जी किल्ली लागू पडते तिच्याच हजारो प्रती काढते. मेंदूतही असेच चालत असावे, असे त्यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यांच्या मांडणीवर टीका पुष्कळ झाली. पण शिकणे म्हणजे बाहेरून आत भरणे, या आपल्या शाळाखात्याला प्रिय असलेल्या कल्पनेला त्यांनी जो धक्का दिला तो मला मोलाचा वाटतो.

पिढ्यांच्या आणि मेंदूच्या चाळणीनंतर तिसरी चाळण वागण्याची, आणि ती तर रोज चालू असते. पूर्व भागातल्या एका कारखान्यात चार यंत्रमाग सांभाळणारा एक विणकर माझ्याशी मोठ्याने बोलत होता, म्हणजे ओठांच्या हालचालींवरून आम्ही बोलत होतो, कारण त्या खटखटाटात दुसरे काही शक्य नसते. बोलता बोलता तो पाठीमागच्या एका मागाकडे वळला, चाप ओढला आणि तुटलेला ताण्याचा धागा जोडून परत आला. मला सगळा एकच गोंगाट. त्याला त्यात एका मागाचा सूर बदललेला कळला होता. कसे कळले म्हणून विचारले तर तो हसला. "कळतंय की ओ," एवढेच म्हणाला. उमेदवारीत, धागा तुटलेला लक्षात न आल्यामुळे चादरीत पडलेल्या खोटीचे पैसे मजुरीतून किती वेळा कापले गेले, हे मात्र त्याला तोंडपाठ होते. थॉर्नडाइकने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांबाबत हेच लिहिले होते: मांजर आधी ओरबाडते, चावते, धडपडते, त्यातली एखादी हालचाल अवचित दार उघडते, मग दर खेपेस बाकीच्या हालचाली गळत जातात आणि तेवढी उरते. स्किनरने १९८१ साली या प्रकाराला परिणामांनी केलेली निवड असे नाव देऊन ती डार्विनच्या निवडीच्या पंक्तीला नेऊन बसवली. अर्थात परिणामांनाही डोळे नसतात. त्याच स्किनरने १९४८ साली कबुतरे काय करीत आहेत याकडे न पाहता त्यांना ठरावीक वेळाने दाणे दिले, तेव्हा दाणे पडताना योगायोगाने जे कबुतर गिरकी घेत होते ते गिरक्याच घेत बसले. परीक्षेला एकच ठरावीक पेन घेऊन जाणाऱ्यांनी त्या कबुतराला हसू नये.

आता आवडीकडे येता येईल. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामीन स्रवणाऱ्या पेशींचे ठोके टिपले. अवचित फळांचा रस मिळाला की पेशी उसळत. रसापूर्वी नेहमी दिवा लागतो हे कळल्यावर उसळी दिव्याकडे सरकली आणि रस येऊनही पेशी गप्प राहिल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही खाली बसल्या. अपेक्षेपेक्षा थोडे अधिक हाती लागते तिथे मन रेंगाळते. रेंगाळल्यामुळे तिथले बारकावे कळू लागतात. बारकावे कळले की ज्याला ते कळत नाहीत त्याच्यापेक्षा तिथे अधिक सापडू लागते. त्या विणकराला मागाच्या आवाजाची आवड होती म्हणून त्याने तो आवाज निवडला, असे कोण म्हणेल? तरी आज सुटीच्या दिवशी माग बंद असले म्हणजे त्याला चैन पडत नाही. दहावीच्या निकालानंतर मुलाचा 'कल' पाहण्यासाठी त्याला चाचणीला नेणाऱ्या पालकांची धडपड मला समजते. पण कल हा वाड्याच्या भिंतीत पुरलेल्या हंड्यासारखा मुलात आयता पुरलेला असतो आणि खणले की सापडतो, असे धरून चालणे मला पटत नाही. त्या मुलाने काय काय हाताळले, त्यातल्या कशाने त्याला अनपेक्षित दाद दिली आणि काय हाताळायला मिळालेच नाही, याचा तो हिशेब आहे. आणि मिळालेच नाही ते कोणत्याही चाळणीत येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पुन्हा आबांच्या वस्तीवर गेलो. बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यांना मान्यता दिली, हा सगळा इतिहास आबांना तारीखवार पाठ आहे, कारण बंदीच्या त्या सात वर्षांत पाणीदार खोंडाला गिऱ्हाईक मिळेना आणि शेतीला ट्रॅक्टर आलेले. तेव्हा त्यांनी दोन चांगले खोंड बडवून विकले. आता शर्यतीतल्या नामांकित वळूसाठी लांबून माणसे येतात. नातू दावणीजवळ बसून मोबाइलवर शर्यतीची चित्रफीत बघत होता. ती संपताच दुसरी आपोआप सुरू झाली, मग तिसरी. आठवड्यापूर्वी त्याने एकच बघितली होती आणि तेव्हापासून तो मोबाइल त्याच्यासाठी दुसरे काही निवडीतच नव्हता. खोंडाची मान त्याच्या डोक्यावरून पुढे आली होती आणि तोही त्या उजेडाकडे बघत असावा असे लांबून वाटत होते.

मी विचारले, "आबा, ठरलं का मग याचं? राखायचा की बडवायचा?"

आबांनी खोंडाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून मला दात दाखवले. दुधाचेच होते सगळे.

"अजून आदत हाय," ते म्हणाले. "दुसा होऊ द्या की, मग बगू."

मी एक पाऊल पुढे टाकले. खोंडाच्या खांद्यावरची कातडी सरसरली.